लेकराच्या कपात कोमट काय असावं?

मागच्या हिवाळ्यात लेकीचं हिमोग्लोबिन ९.२ आलं. वय सव्वादोन वर्षं. या वयात ते निदान ११ असायला हवं. मी तिच्या खाण्याची यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसले होते: वरणभात, अर्धी पोळी, केळं, कधीमधी अंडं. त्यांनी ती नुसती वरवर पाहिली आणि विचारलं, "हे झालं खाण्याचं. आता दिवसभरात ती पिते काय काय, ते सांगा."

सांगायला लागले तेव्हा माझं मलाच उमगत गेलं. उठल्या उठल्या मगभर दूध, त्यात चॉकलेटी पावडर. नऊ वाजता आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या बशीतला चहा. दुपारी झोपायच्या आधी दूध. चारला पुन्हा चहा, त्यात बुडवलेलं बिस्किट. रात्री बाटलीभर दूध तोंडात धरूनच झोप. पुण्यात थंडी कडाक्याची होती. "पोरीच्या पोटात काहीतरी गरम जाऊ दे" असं घरातला प्रत्येक जण म्हणायचा, आणि प्रत्येक जण प्रेमानेच काहीतरी गरम द्यायचा.

"मग जेवायला जागा कुठे राहिली?" डॉक्टर म्हणाल्या.

लहान मुलाला गरम काय द्यावं या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यापासून सुरू होतं, असं मला आता वाटतं. कोणतं पेय पौष्टिक आणि कोणतं अपायकारक याच्या याद्या पुष्कळ मिळतात. पण दोन वर्षांच्या मुलाचं पोट एवढंसं असतं. त्यात गेलेला प्रत्येक कप कोणत्या तरी घासाची जागा घेतो. कोणत्या घासाची, ते आधी बघायचं.

(हे सगळं एक ते तीन वर्षांच्या मुलांबद्दल आहे. वर्षाच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथे आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध हेच मुख्य, आणि गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचंच नाही.)

आमच्या घरचा हिशेब मांडून दाखवते. लेकीचं दिवसभराचं दूध मोजलं तर भरलं सुमारे ८०० मिली. गायीच्या १०० मिली दुधात साधारण ६५ कॅलरी असतात, म्हणजे एकूण ५२० झाल्या. या वयाच्या मुलाला दिवसभरात लागतात हजाराच्या आसपास. म्हणजे अर्धी भूक ताटावर बसायच्या आधीच भागलेली. आता लोह बघा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. ८०० मिली दुधातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातल्या लोहालाही नीट शोषू देत नाही. पोट भरलेलं, वजन बरं, गाल गुबगुबीत, आणि रक्तात लोह नाही. बाहेरून काही कळतच नाही.

हे फक्त आमच्या घरचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत, नुसतं दूध किंवा चहा नाही. पण बाकीच्या कारणांपुढे आपण हतबल असलो तरी कप आपल्याच हातात असतो.

दूध बंद करायचं का? मुळीच नाही. मोजायचं. १०० मिली दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि या वयाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे ४०० मिलीत काम जवळजवळ भागतं. त्यात दही-ताकही धरायचं. ५०० मिलीच्या वर गेलं की फायदा वाढत नाही, जेवण मात्र घटतं. आम्ही आता दोनदा देतो, दीडशे-दीडशे मिली, आणि जेवणाच्या तोंडावर कधीच नाही. बाकीचं दह्यातून भरून निघतं.

कोणतं दूध, हेही लोक फार विचारतात. गायीच्या पिशवीत साधारण साडेतीन टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये तीन टक्के, फुल क्रीममध्ये सहा. दोन वर्षांपर्यंत मेंदूची वाढ झपाट्याने होते आणि तिला स्निग्धांश लागतो, म्हणून डबल टोन्ड किंवा साय काढून पातळ केलेलं दूध नको. गायीचं किंवा म्हशीचं, जे घरात येतं ते चालेल. "जड पडेल" म्हणून त्यात पाणी घालायची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्याने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. गवळ्याकडून सुटं दूध घेत असाल तर ते उकळलंच पाहिजे.

आता चहा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण घराघरांत वाद होतो तो इथेच.

माझे सासरे सकाळी पर्वती चढून येतात आणि मग चहा घेतात. नात मांडीवर बसते, ते बशीत ओततात, फुंकर घालतात, आणि एक घोट तिला, एक घोट त्यांना. मी काही म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "अगं, रंगापुरता तर चहा आहे, बाकी दूधच की. तुझ्या नवऱ्यालाही दिलाय आम्ही." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वेळी कोणी हे समजावून सांगितलंच नव्हतं.

तर समजून घेऊ. अन्नातलं लोह दोन प्रकारचं असतं. एक मांस-मासळीतलं, ते शरीर सहज शोषून घेतं. दुसरं डाळी, पालेभाज्या, धान्य यांतलं, ते मुळातच कमी शोषलं जातं. चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं या दुसऱ्या प्रकारच्या लोहाला आतड्यात धरून बसतात आणि ते तसंच बाहेर जातं. शाकाहारी घरातल्या मुलाला मिळणारं सगळंच लोह या दुसऱ्या प्रकारचं. आधीच थोडं, त्यातही चहाने अडवलेलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत तर मोठ्या माणसांनाही सांगितलंय, की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. याच मार्गदर्शिकेत १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं असं दिलंय. साठ किलोच्या आजोबांना त्याने तरतरी येते. अकरा किलोच्या नातीची मात्र त्याने झोप उडते. चहात बिस्किट बुडवून दिलं की वर मैदा आणि साखर. कॉफीलाही हेच सगळं लागू.

पण मला वाटतं, मुलांना चहा आवडतो तो चवीसाठी थोडाच. त्यांना हवी असते ती मांडी, ती बशी, ती फुंकर. ती हिरावून घेण्याचं काही कारण नाही. आम्ही गवती चहाची दोन पाती आणि वेलदोड्याचं टरफल पाण्यात उकळतो, गाळतो, त्यात थोडं दूध घालतो. गवती चहाला आपण चहा म्हणतो खरं, पण ते गवत आहे, त्यात कॅफीन नसतं. साखर नाही. सासऱ्यांनी तुळशीबागेतून भातुकलीएवढी स्टीलची कपबशी आणली. आता नऊ वाजता दोघांचे दोन कप असतात, आणि फुंकर अजून तेच घालतात.

साखरेचं सांगायचं तर दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच, आणि नंतरही जितकी उशिरा तितकी बरी. "साखरेऐवजी गूळ घालतो, लोह मिळतं" असं पुष्कळ जण सांगतात. गुळात थोडं लोह आहे हे खरं, पण चमचाभर गुळातून मिळतं ते मिलिग्रॅमचा छोटासा अंश. तेवढ्यासाठी मुलाच्या दातांना आणि जिभेला गोडाची सवय लावणं परवडत नाही. दूध स्वतःच थोडं गोड असतं. ज्याने साखरेचं दूध चाखलेलंच नाही ते मूल ते आनंदाने पितं. ज्याला सवय लागलीय त्याची आठवड्याला अर्धा चमचा कमी करत आणावी.

आणि ती चॉकलेटी पावडर! मीच आणत होते ती, दूध गटागट जातं म्हणून. डबा उलटा करून पाठीमागचं वाचलं नव्हतं. समजा शंभर ग्रॅममागे ३५ ग्रॅम साखर लिहिलेली असेल, तर वीस ग्रॅमच्या एका मात्रेत सात ग्रॅम झाली, म्हणजे जवळजवळ दीड चमचा. दिवसातून दोनदा दिली तर तीन चमचे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिल्या तीन-चारांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रीन (पिठूळ पदार्थांपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) दिसलं की समजायचं, डब्यात मुख्यतः हेच आहे. जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, नाही असं नाही, पण ती जेवणातून देता येतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. दुकानातल्या फळीवर मात्र ती अजून आरोग्याच्याच रांगेत मांडलेली दिसतात.

मग थंडीत गरम द्यायचं काय? आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आधीपासून आहे, फक्त ते पातळ पेयापेक्षा थोडं दाट आहे.

नाचणीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल खरं-खोटं दोन्ही बोललं जातं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशातच नाही. पण मुलाच्या वाटीत आपण घालतो दोन छोटे चमचे, म्हणजे दहा ग्रॅम. त्यातून ३६ मिलिग्रॅम मिळतं, तीस मिली दुधाएवढं. म्हणजे नाचणी चांगली आहे, पण ती जादू नाही, आणि रोजच दिली पाहिजे असंही नाही. मोड आणून, वाळवून दळलेलं सत्व घ्यावं. मोड आले की धान्यातलं लोह-कॅल्शियम अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. दोन चमचे सत्व आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग दीडशे मिली पाण्यात मंद आचेवर ढवळत पाच-सात मिनिटं शिजवायचं. कच्चट वास गेला आणि रंग गडद झाला की झालं. खाली उतरवून चमचाभर तूप, दोन चमचे दूध, आणि गोडीला अर्धं कुस्करलेलं केळं किंवा भिजवून वाटलेला एखादा खजूर. बदाम घालायचे तर बारीक पूड करूनच. अख्खे किंवा तुकडे केलेले दाणे या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात.

मुगाचं कढण मला नाचणीहून जास्त आवडतं. मोड आलेले मूग मऊ शिजवून, घोटून, तूप-जिऱ्याची फोडणी. इथे एक चूक बहुतेक घरांत होते. डाळीचं वरचं पाणी वाटीत घालून "पौष्टिक आहे" म्हणून मुलाला पाजलं जातं. त्या पाण्यात प्रथिनं आणि लोह नावापुरतं असतं. जे काही आहे ते तळाला बसलेल्या डाळीत. तेव्हा गाळू नका, घोटा. तांदळाच्या पेजेचंही तसंच. नुसती निवळ नको, शितं घोटून दाट करा. ओळखायची खूण सोपी आहे: चमचा तिरका केला की पदार्थ लगेच ओघळून जाता कामा नये. ओघळला तर ते पाणीच, आणि पाण्याने पोट भरतं.

टोमॅटोचं सार हे मात्र खरोखर पिण्याचं. जेवणाबरोबर कोमट सार चार-पाच चमचे दिलं तर त्यातलं क जीवनसत्त्व डाळी-भाजीतलं लोह शोषायला मदत करतं. चहा जे बिघडवतो ते सार सावरतं. आच बंद केल्यावर वरून लिंबाचे दोन थेंब पिळावेत, उकळताना घातले तर जीवनसत्त्व बरंच निघून जातं. मीठ-तिखट बेताचं, साखर न घालता.

सर्दी-खोकला झाला की घरात काढ्याचं आधण चढतं. तुळशीची दोन पानं आणि आल्याचा पातळ काप घालून उकळलेलं पाणी कोमट करून चार-सहा चमचे द्यायला हरकत नाही. घशाला ओलावा मिळतो, नाक जरा मोकळं वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग, आणि तोही काही कमी नाही. मोठ्यांसाठी केलेला मिरी, दालचिनी, ज्येष्ठमध घातलेला कडक काढा मात्र मुलाला देऊ नये. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब आणि पोटॅशियम यांवर परिणाम होतो. जायफळाबद्दल तर हात जोडून सांगते. मूल शांत झोपावं म्हणून दुधात जायफळ उगाळून घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यातल्या मिरिस्टिसिनमुळे गुंगी येते, आणि प्रमाण वाढलं तर विषबाधा होते. सहाणेवर दोन वेढे आणि पाच वेढे यांत किती फरक पडला, हे आपण मोजू शकत नाही.

मध एक वर्षाच्या आत कधीच नाही, चाटणातही नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि मध गरम पाण्यात घातल्याने किंवा उकळल्याने ते मरत नाहीत. वर्षानंतर मात्र झोपायच्या आधी अर्धा चमचा मध खोकल्याची ढास कमी करतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सिरपपेक्षा तो बरा. मध्य प्रदेशात खोकल्याच्या दूषित सिरपने मुलं दगावल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. आणि हो, दुधाने कफ वाढत नाही. दूध प्यायल्यावर लाळ जरा दाट लागते, त्यावरून तसं वाटतं. मूल मागत असेल तर सर्दीतही कोमट दूध द्यावं, हवी तर चिमूटभर हळद घालून. मूल भराभर श्वास घेत असेल, छातीत खड्डे पडत असतील, किंवा काहीच पीत नसेल, तर काढ्यात वेळ घालवू नये, लगेच दवाखाना गाठावा.

कोमट पाण्याबद्दल एक गोष्ट पुणेकरांना वेगळी सांगायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे (हातापायांतली शक्ती घालवणारा मज्जातंतूंचा आजार, 'जीबीएस') रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, आणि पाणी उकळून प्या असं सगळीकडून सांगितलं गेलं. तेव्हापासून पुष्कळ घरांत मुलांना "गरम पाणी" देतात, पण ते उकळलेलं असतंच असं नाही. कोमट केलेल्या पाण्यात जंतू जिवंतच राहतात. पाण्याला खळखळून उकळी येऊन मिनिटभर गेलं पाहिजे, मग ते झाकून निववायचं. गीझरचं किंवा सोलरचं गरम पाणी पिण्यासाठी कधीच घेऊ नये.

मूल बाहेर पाठवताना थर्मासमध्ये कोमट दूध भरून देणं हीही अशीच एक भाबडी काळजी. कोमट दूध तीन-चार तास तसंच राहिलं की जंतूंना याहून चांगली जागा नाही. न्यायचंच असेल तर कडकडीत गरम भरावं आणि देताना निववावं. त्याहून सोपं म्हणजे पाण्याची बाटली आणि एक केळं द्यावं.

आता गरमपणाचं. द्यायचं ते कोमट, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरम-गार काहीच जाणवू नये असं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, मुलाची कातडी पातळ असते, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. ओतून पंधरा मिनिटं झालेला चहाही मुलाला पोळवू शकतो. त्यामुळे मोठ्यांनी मूल मांडीवर असताना स्वतःचा गरम कप हातात धरू नये, ओट्याच्या कडेला ठेवू नये, टेबलक्लॉथवर तर नाहीच. साधं स्टीलचं फुलपात्र बाहेरून चटका देतं, म्हणून आपल्याला गरमपणा कळतो. दुहेरी भिंतीच्या मगात उकळतं दूध असलं तरी हाताला गार लागतं, त्यात मुलाला काही देऊच नये. मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर नीट ढवळावं, कारण मध्येच एखादा भाग जास्त तापलेला असतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावं. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यांतलं काही लावू नये. तोंड, हात, छाती भाजली असेल किंवा फोड आले असतील तर पाण्याखाली धरून झाल्यावर थेट रुग्णालय.

सगळ्यात अवघड गेली ती रात्रीची बाटली. तोंडात दूध साठवून झोपलं की दुधातली साखर रात्रभर समोरच्या दातांवर राहते आणि ते किडतात. आम्ही रोज थोडं दूध कमी केलं, मग बाटलीत नुसतं पाणी, मग बाटलीच नाही. दूध रात्रीच्या जेवणानंतर, जागेपणी, फुलपात्रातून, आणि मग दात घासणं. पहिल्या तीन रात्री ती खूप रडली. सासूबाई मध्यरात्री उठून दाराशी येऊन उभ्या राहायच्या, पण बाटली त्यांनी एकदाही दिली नाही. अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता लेकीने स्वतःहून "भूक" म्हटलं. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले होते. ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत, दोन्हींमध्ये निदान तासाचं अंतर ठेवायचं, असं बजावलं होतं. आम्ही ते दुपारी लिंबाच्या पाण्याबरोबर द्यायचो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३ झालं. थेंब आणखी दोन महिने चालू ठेवायला सांगितले, कारण रक्तातला आकडा आधी वाढतो आणि शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही वेळ लागतो.